पोस्टरवर उत्तर सांडू नकोस

बाळा,

तुमच्या कंपूच्या थरारपटाचं चित्रीकरण दुधनीला पार पडलं आणि पोस्टरचं काम तुझ्याकडे आलं, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. आता तू रात्र रात्र जागून लाल-काळ्याचे ढीगभर नमुने करणार आणि सकाळी उठून सगळ्यांनाच नाक मुरडणार, हे मला इथे बसून दिसतंय. तेवढा जीव आटवावा लागू नये म्हणून हे लिहून पाठवतो. सगळं एकदम पाळायला जाऊ नकोस. लागेल तेवढं घे, बाकीचं पुढच्या सिनेमाला कामी येईल.

मुळाशी गोष्ट एकच आहे. थरारपटाच्या पोस्टरने प्रश्न विचारायचा, उत्तर सिनेमाने द्यायचं. झाकलं ते टिकलं, दाखवलं ते तिथेच संपलं.

१. पटकथा वाचून झाली की पोस्टरला विचारायचा प्रश्न आठ-दहा शब्दांत लिहून काढ – प्रश्नच लिहिता येत नसेल तर चित्रही सापडणार नाही, आणि तू दोष मात्र फॉन्टला देशील.

२. सरावासाठी राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घे. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बायको जाते आणि मग पोलिसांनी पकडलेली एक बाई, हुबेहूब तोच चेहरा घेऊन, मीच तुझी बायको म्हणते – चेहरा एक आणि सत्यं दोन, असा आयता प्रश्न मिळाला म्हणूनच दोन वर्षांत हिंदीत ‘मेरा साया’ झाला. या एका प्रश्नावर दहा वेगळी चित्रं काढून बघ, हात मोकळा होतो.

३. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट असेल तर ‘काय झालं’ सोडून ‘कसं झालं’ विचार – २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं हे इथलं शाळकरी पोरही सांगेल, पण मूठभर माणसं, त्यांत सुधीर फडक्यांसारखा गाण्यातला माणूस, पावसाळ्यात हे घडवून आणतात कसं, हे अजूनही पडद्यावर बघावंसं वाटतं. (पुढच्या सिनेमाला विषय हवा असेल तर लांब जाऊ नका, एवढंच सुचवतो.)

४. संगणक उघडण्याआधी काड्यापेटीएवढ्या चौकटी आखून पेन्सिलीने वीसेक चित्रं काढ, एकेकाला दोन-तीन मिनिटं – एवढ्याशा जागेत तपशील मावत नाही, नुसती रचना उरते, आणि रचना चुकली असेल तर ती तिथेच कळते.

५. त्यातली पहिली पाच बाजूला ठेव, फाडू मात्र नकोस – जे चटकन सुचतं ते बहुतेक वेळा आधी कुठेतरी पाहिलेलं असतं: तडा गेलेला आरसा, टोपी ओढलेला पाठमोरा माणूस, काचेवर रक्ताचा पंजा. सहाव्यापासून तुमचा सिनेमा दिसायला लागतो.

६. नावाने सांगितलं ते चित्राने पुन्हा सांगू नकोस – वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या नावात सावली येऊन बसलीच आहे, त्यामुळे चित्राला दुसरं काहीतरी करायची मुभा मिळते. तुमच्या नावात ‘धरण’ आहे ना, मग धरणाची भिंत कशाला?

७. एक दुपार नुसती कात्री आणि रंगीत कागद घेऊन बस – पोस्टरकार सॉल बासने ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) साठी कापल्यासारख्या मोजक्या आकारांतून एक तुटक देह मांडला. चेहरा नाही, रक्त नाही, तरी खून कळतो.

आपल्याकडे हे काम चित्रकारांनी वाढवलं, हे विसरू नकोस. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा त्यांनी स्वतः बांधला, सिनेमाची दृश्यं आधी कागदावर रेखाटली आणि पोस्टरंही स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’ (१९२४) चं त्यांचं पोस्टर भारतीय सिनेमाच्या शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत धरलं जातं. त्याआधी ‘सैरंध्री’त (१९२०) त्यांनी कीचकवध इतका हुबेहूब उभा केला, की सेन्सॉरने तो कापायला लावला. इतकं खरं दाखवता येणारा माणूसही पोस्टर काढायला बसला की काय दाखवायचं आणि काय राखून ठेवायचं याचा हिशेब करायचा. तू तर हा हिशेब मांडच. आणि हाताने रंग लावायची लाज वाटू देऊ नकोस. ‘दीवार’सारख्या सिनेमांची पोस्टरं करणारे दिवाकर करकरे पॅलेट नाइफने रंग थापायचे, आणि त्या खडबडीत फटकाऱ्यांत जो राग दिसायचा तो गुळगुळीत फोटोत येत नाही. कागदावर रंग थाप, मोबाइलने फोटो काढ, तो पोत संगणकात घे. पैसा लागत नाही.

आता प्रयोगांचं. सगळ्यांत जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

८. एका वेळी एकच गोष्ट बदल – चित्र, रंग आणि अक्षर तिन्ही एकदम हलवलंस तर पोस्टर सुधारलं ते कशामुळे आणि बिघडलं ते कशामुळे, दोन्ही कळत नाही. एक बदल, एक नजर. दोन बदल, नुसती गंमत.

९. प्रत्येक बदलाची वेगळी प्रत ठेव आणि फाइलच्या नावातच तारीख नि बदल लिही: ‘१२जून_नाव-खाली’, ‘१२जून_नाव-उजवीकडे’ – आठवड्याने दिग्दर्शक म्हणणार, ‘ते मंगळवारचं बरं होतं’, आणि तुला ते मंगळवारचं दाखवता आलं पाहिजे.

१०. रंग भरण्याआधी सगळं काळ्या-पांढऱ्यात बसव – उजेड-अंधाराची वाटणी चुकली असेल तर कुठलाही लाल ती झाकू शकत नाही, आणि बसली असेल तर रंग जवळजवळ आपोआप सुचतात.

११. नखाएवढं करून फोनवर बघ, मग भिंतीवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघ – बहुतेकांना तुझं पोस्टर पहिल्यांदा फोनवरच भेटणार, आणि बाकीच्यांना धावत्या रिक्षातून.

१२. दुपारी बारा वाजता अंगणात उभं राहून फोनचा उजेड अर्धा करून बघ – रात्री अंधाऱ्या खोलीत जो काळोख खोल वाटतो, तो उन्हात नुसता काळा ठिपका होतो.

१३. चित्र आरशात दाखवल्यासारखं उलट करून बघ – डोळा सरावला की तोल कुठे ढळलाय ते दिसत नाही, उलटं केलं की लगेच दिसतं.

१४. दाखवायचं ते कथा माहीत नसलेल्या माणसाला. पिपरियाच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेला कामगार, आमलीतला चहावाला, वापीहून रोज येणारी नर्स – तुमचे प्रेक्षक हेच आहेत, तुमच्याच कंपूतले सहाजण नव्हेत. ते तर प्रत्येक कोपऱ्यामागची गोष्ट आधीच जाणतात.

१५. ‘आवडलं का?’ असं विचारू नकोस, ‘यात काय घडलं असेल?’ असं विचार – पहिल्याला माणसं भिडेपोटी हो म्हणतात, दुसऱ्याला खरं बोलतात.

१६. तीन सेकंद दाखव, पोस्टर पालथं कर आणि काय आठवतं ते विचार – जे आठवतं तेच पोस्टर. बाकी सगळं तू स्वतःसाठी काढलेलं.

१७. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर खूश हो. एकाने जरी बरोबर खुनी ओळखला तर ते चित्र मुकाट्याने बाद कर – सत्तर मिनिटं जपलेलं रहस्य तुझ्या एका कोपऱ्यातून गळतंय.

१८. मतं सगळ्यांची घे, पण ठरवायला एकच माणूस नेम आणि त्याचं नाव आधीच सगळ्यांना सांगून ठेव – ग्रुपवर हात वर करून निवडलेलं पोस्टर कुणालाच नको असलेलं निघतं.

रंगांबद्दल बोलायचं तर माझा आग्रह आहे, आणि तो मी सोडणार नाही. लाल-काळं वाईट नाही. पण थरारपट म्हटलं की सगळेच तिकडे धावतात, आणि मग एका ओळीत लावलेली पाच पोस्टरं एकाच घरातली वाटतात.

१९. निदान एक नमुना लाल-काळ्याशिवाय कर – ‘व्हर्टिगो’च्या (१९५८) पोस्टरवर सॉल बासने उजळ नारिंगी वापरला, आणि साठ-पासष्ट वर्षांनी तेच पोस्टर लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. भीतीला काळोख लागतोच असं नाही.

२०. रंग इंटरनेटवर शोधण्याआधी गावात शोध: पावसाळ्यातली गढूळ दमणगंगा, मधुबनच्या जलाशयावर पहाटे साचलेलं धुकं, खानवेलच्या रस्त्यावरचा ओला साग, कारखान्याच्या कुंपणावरचा पांढराफटक दिवा – हे रंग मुंबईच्या पोस्टरावर नसतात, म्हणून सिल्वासाचा सिनेमा म्हणून ओळखू येतो. मोबाइलने टिपून ठेव, तिथूनच रंग उचल.

२१. एक झगझगीत रंग राखून ठेव आणि तो एकाच जागी खर्च कर – डोळा तिथेच जातो. दोन जागी वापरलास तर कुठे बघायचं ते डोळ्याला ठरवावं लागतं, आणि तोवर रिक्षा पुढे गेलेली असते.

२२. वारली चित्रांचा मोह तुला होणार, हे मी आत्ताच सांगतो. गेरूची तांबूस भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूच्या काडीने काढलेले त्रिकोण नि वर्तुळं: दोनच रंगांत एवढी ताकद, थरारपटाला अगदी साजेशी. पण लग्नघरी काढतात तो चौक, त्यातली पालघट देवी, हे खुनाच्या पोस्टरावर ठेवू नकोस – ती त्या घरची पूजा आहे, सवाशिणींनी हाताने मांडलेली, सजावट नव्हे.

२३. वारली रेषा हवीच असेल तर संगणकावर नक्कल करू नकोस. गावातल्या वारली चित्रकाराकडे जा, कथा सांग, मेहनताना ठरव आणि पोस्टरवर नाव दे – गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याच कलेच्या नकला आजही बिननावाने छापल्या जातात. दुसऱ्याची भिंत रंगवायची तर आधी दार वाजव.

चेहऱ्यांवरून भांडणं होतात. निर्मात्याला नायकाचा चेहरा मोठा हवा असतो आणि तुला रिकामी जागा हवी असते. दोघांचंही बरोबर आहे.

२४. चेहऱ्याचं एक आणि बिनचेहऱ्याचं एक, अशी दोन्ही पोस्टरं आधीपासून कर – बिनचेहऱ्याचं पहिल्यांदा बाहेर सोडता येतं, चेहऱ्याचं प्रदर्शनाच्या आठवड्यात लागतं, आणि वाद तिथेच मिटतो.

२५. पूर्ण चेहऱ्यापेक्षा चेहऱ्याचा भाग घेऊन बघ: एक डोळा, हनुवटी, कपाळावरची शीर – ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) शांतारामबापूंनी चंद्रमोहनच्या राजगुरूचा डोळा पडदाभर आणला, आणि त्या सिनेमाचं नाव काढलं की आजही आधी तो डोळा आठवतो.

२६. पाहणाऱ्याला जे कळलंय ते चित्रातल्या माणसाला कळलेलं नाही, अशी मांडणी एकदा तरी करून बघ – ‘जॉज’च्या (१९७५) पोस्टरावर वर पोहणारी बाई निवांत आहे आणि खालून शार्क येतोय, ओरडावं कुणी, तर बघणाऱ्याने.

२७. रिकामी जागा भरू नकोस, कितीही हात शिवशिवले तरी – धोका कुठून येणार हे बघणाऱ्याला त्या रिकामपणातच शोधू दे. तिथे झाड, चंद्र नि कावळा ठेवलास की शोध संपला.

२८. छापायला देण्याआधी एकदा फक्त फितुरी शोधायला बस: कुणावर उजेड पडलाय, कुणाची सावली लांब आहे, कोण पोस्टरवर नाहीच – प्रेक्षक अशा गोष्टी नकळत वाचतो, आणि ज्या नटाला तू मुद्दाम अंधारात ठेवलंस तोच खुनी हे त्याला मध्यंतराआधी कळतं. हिचकॉकने ‘सायको’ (१९६०) सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका असं थिएटरांना बजावलं होतं. एवढं जपलेलं गुपित पोस्टरवरून जाऊ नये.

२९. सिगारेट काढून टाक, तपासनिसाच्या ओठांतलीसुद्धा – तंबाखू नियंत्रणाच्या नियमांनुसार सिनेमाच्या पोस्टरांवर आणि जाहिरातींत तंबाखू किंवा तिचा वापर दाखवायला बंदी आहे. धुकं हवं तर दुधनीहून आण.

३०. रक्त दाखवायचंच असेल तर थेंबभर, तेही विचार करून – पोस्टर बसस्थानकावर शाळेच्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लागतं, आणि वर्तमानपत्रंही रक्ताळलेली जाहिरात परत पाठवू शकतात.

३१. खऱ्या गुन्ह्यातल्या माणसांचे फोटो किंवा बातमीची कात्रणं जशीच्या तशी वापरू नकोस – त्या घरात अजून कुणीतरी त्या नावाने रडत असतं.

आता अक्षरं. बाळा, इथे मात्र मी थोडा कडक आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं अशी काढली, की शीर्षक वाचायच्या आधीच नाटकाची जात कळायची. आत्ता फॉन्टच्या यादीतून पहिला टोकदार फॉन्ट उचलायचा आणि त्याला लाल ओघळ लावायचे, याने ते साधत नाही. निदान नावापुरतं तरी अक्षर हाताने काढून बघ. कोरून, खरडून, बोरूने, तुटक्या काडीने. जे जमेल ते स्कॅन कर.

३२. आधी नाव वाचता आलं पाहिजे, मग देखणं दिसलं पाहिजे – नाव न वाचलेल्या सिनेमाचं तिकीट कुणी मागत नाही.

३३. अक्षरांमधलं अंतर वाढवताना शिरोरेघ तुटते का ते बघ – इंग्रजी पोस्टरांत अक्षरं फाकवून भीती आणतात, देवनागरीत तसं केलं की शब्दाचे नुसते तुकडे पडतात. तोडायचीच असेल तर एकाच ठिकाणी, मुद्दाम आणि कारणासाठी तोड.

३४. शिरोरेघेवर सगळा खेळ रचण्याआधी गुजराती पोस्टरचा विचार कर – सिल्वासात तुम्हाला मराठीबरोबर गुजरातीही छापावं लागणार, आणि गुजरातीला शिरोरेघच नाही. रेघेला लटकवलेला दोर किंवा रेघेवरून ओघळणारं पाणी तिथे हवेत राहील, म्हणून दोन्ही लिप्यांतली नावं पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी ठेवून काढ.

३५. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ नीट उमटलेत ना, ते बघ – काही फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं आणि भाषा ‘मराठी’ निवडल्यावर आपलं वळण मिळतं. मराठी वाचकाला कारण सांगता आलं नाही तरी परकं वाटतंच.

३६. फोटोशॉपमध्ये वेलांट्या भलतीकडे गेल्या किंवा जोडाक्षरं सुटली तर वर्ल्ड-रेडी मांडणी चालू कर – ती बंद असली की ‘क्षितिज’चा पाय मोडलेला दिसतो, आणि छापून आल्यावर तो मोडका पाय सगळ्या गावाला दिसतो.

३७. वरच्या मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार यांना जागा सोड – इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ आणल्यास तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो.

३८. मोठ्या फलकासाठी पाटी रंगवणाऱ्यांचं जुनं माप ध्यानात ठेव: दहा फुटांमागे अक्षराची उंची एक इंच – वापी रस्त्यावर दोनशे फुटांवरून दिसायचं असेल तर नाव वीस इंच उंच हवं, आणि तेवढ्या अक्षराला जागा द्यायची तर बाकी पसारा आपोआप कमी होतो. टॅगलाइन त्या फलकावर नकोच.

छपाईचं थोडक्यात, कारण हे छापखानेवाले तुला माझ्यापेक्षा बरं शिकवतील, तू फक्त नम्रपणे विचार.

३९. आकार आधी ठरव. थिएटरच्या पोस्टरचं आपल्याकडचं रुळलेलं माप ३० × ४० इंच, फोनवरच्या स्टोरीचं १०८० × १९२० पिक्सेल, यूट्यूबचं आडवं १२८० × ७२० – उभं चित्र नंतर आडवं ताणलं की नटाचा चेहरा तरी कापला जातो किंवा नाव तरी.

४०. कागदी पोस्टरची फाइल ३०० डीपीआयला, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची ठेव आणि महत्त्वाचं काही कडेला नेऊ नकोस – कटरचं पातं केसभर सरकतंच. मोठ्या फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात ७२ ते १०० डीपीआय पुरतं.

४१. मोठ्या काळ्या भागात नुसती काळी शाई देऊ नकोस, बाकीच्या शाया किती मिसळायच्या ते छापणाऱ्याला विचार. बारीक अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत ठेव – एकट्या काळ्या शाईचा मोठा पट्टा राखाडी दिसतो, आणि चार शाया एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत तर बारीक अक्षरांना रंगीत किनार येते. थरारपटात अर्धं पोस्टर काळंच असतं, म्हणून हे तुलाच जास्त लागू.

४२. स्क्रीनवरचा पेटलेला लाल आणि विजेसारखा निळा शाईत तसा येत नाही. फाइल सीएमवायकेत बदलून बघ आणि हातभर तुकडा त्याच कागदावर छापून घे – छापखान्याच्या दारात सुचलेलं शहाणपण फार महाग पडतं.

४३. काळ्या पोस्टरला चकचकीत लॅमिनेशन लावू नकोस, मॅट लाव – थिएटरच्या दारातल्या ट्यूबलाइटमध्ये चकचकीत काळा आरसा होतो, आणि प्रेक्षकाला खुन्याच्या जागी स्वतःचा चेहरा दिसतो.

४४. बॅनर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचा घेऊ नकोस, स्वस्त मिळाला तरी – १ जुलै २०२२ पासून त्याला देशभर बंदी आहे. कापडावर छापून मिळत असेल तर आधी तेच विचार.

४५. फलक लावण्याआधी नगरपालिकेची परवानगी आणि खालचा सांगाडा, दोन्ही स्वतः बघ, विशेषतः मेच्या शेवटी – १३ मे २०२४ ला वादळात घाटकोपरचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा जणांचा जीव गेला. आपल्याकडचा पाऊस त्याहून हलका नसतो.

४६. नटांच्या नावांचा क्रम आणि आकार करारात बघून घे, आठवणीतून लिहू नकोस. प्रत्येक नाव त्या माणसाला पाठवून शुद्धलेखन तपासून घे – चार महिने राबलेल्या स्पॉटदादांचं आडनाव चुकलं तर त्यांच्या घरच्यांना ते पोस्टर दाखवताना वाईट वाटतं.

४७. फोटो कुणाचा, परवाना कोणता, हे एका वहीत लिहून ठेव. रस्त्यावर टिपलेल्या माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय थरारपटाच्या पोस्टरवर नको – तुझ्यासाठी तो ‘गूढ चेहरा’ असेल, त्याच्या गावात मात्र तो उद्या ‘पोस्टरावरचा खुनी’ होईल.

४८. संगणकाने बनवून दिलेलं चित्र कल्पना चाचपायला वापर, अंतिम पोस्टर म्हणून नको – त्यात कुणाच्या हाताचं काय मिसळलंय याचा ठाव लागत नाही, आणि बोटं मोजून बघितल्याशिवाय तर ते कुणाला दाखवूही नकोस.

४९. प्रमाणपत्र मिळालं की त्याचा वर्ग पोस्टरवर घाल, यूए असेल तर त्यापुढचं ७+, १३+ की १६+ तेही – आई-बाप तिकीट काढण्याआधी तेच बघतात. त्याची जागा पहिल्या रेखाटनातच सोडून ठेव, नाहीतर शेवटच्या रात्री ते तुझ्या त्या जपलेल्या रिकाम्या जागेत जाऊन बसेल.

५०. सिनेमा उतरला की बॅनर तुम्हीच उतरवून आणा, झाडांना ठोकलेले असतील तर खिळ्यांसकट – नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात ते गटारांतून दमणगंगेत जातात. चांगला राहिलेला फ्लेक्स अथालच्या वीटभट्टीवरच्या माणसांना विचारून दे, छपरावर घालायला त्यांना उपयोगी पडतो. आणि ३० × ४० ची एक कागदी प्रत गुंडाळून माझ्याकडे पाठव, खाली तारीख लिहून.